अवघड इंग्रजी शब्द मराठीतून पक्के करता येतात का?

अनुजा, दांडिया बाजार

नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या घरी संध्याकाळी कॉलेजातली काही मुलं-मुली इंग्रजीसाठी येतात. घरी मराठी, शाळेत आणि रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि पुढे कॉलेजात सगळं इंग्रजी, अशी चार भाषांत वाढलेली ही मुलं. कुणाला आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे, कुणाला परदेशी पुढच्या शिक्षणासाठीची जीआरई, कुणाला बँकेची परीक्षा. प्रत्येकाच्या सॅकमध्ये तीच झेरॉक्स असते: डावीकडे अवघड शब्द, उजवीकडे त्याचा इंग्रजीतलाच एका शब्दातला अर्थ. 'ऑब्सीक्वियस' म्हणजे 'सर्व्हाइल'. मग 'सर्व्हाइल' म्हणजे काय, असं विचारलं की सगळे गप्प. दोन अनोळखी शब्द शेजारी-शेजारी घोकून दोघांपैकी एकाचीही ओळख होत नाही.

माझं ठाम मत आहे की मराठी घरातल्या मुलानं असा शब्द आधी मराठीत नेमका पकडावा. 'नेमका' या शब्दावर माझा जोर आहे. 'ऑब्सीक्वियस' म्हणजे 'नम्र' असं लिहून ठेवलं तर नुकसानच होतं. हांजी हांजी करणारा, लाळघोटा, असं सांगितलं की मूल हसतं आणि त्याच्या डोळ्यांपुढे कुणीतरी उभं राहतं. तिथे शब्द रुजतो.

मुलं नेहमी गोंधळतात असे चार शब्द घेते. प्रोक्रॅस्टिनेट, प्रिव्हॅरिकेट, इक्विव्होकेट, व्हॅसिलेट. झेरॉक्सवर या चौघांचे अर्थ जवळजवळ सारखेच दिसतात, 'टाळणे' किंवा 'स्पष्ट न बोलणे' या धर्तीचे. मराठीत बघा. प्रोक्रॅस्टिनेट म्हणजे चालढकल करणं. प्रिव्हॅरिकेट म्हणजे उडवाउडवीची उत्तरं देणं. इक्विव्होकेट म्हणजे मुद्दाम मोघम बोलणं, दोन्ही अर्थ निघतील असं. आणि व्हॅसिलेट म्हणजे तळ्यात-मळ्यात करणं. आता हे चौघे एकमेकांत मिसळणं शक्यच नाही, कारण मराठीत आपण चालढकल आणि उडवाउडवी यांची कधीच गल्लत करत नाही.

बोलण्याबद्दलचे शब्दही असेच. गॅर्युलस म्हणजे वटवट करणारा, लोक्वेशस म्हणजे बोलघेवडा, एलोक्वंट म्हणजे ज्याच्या वाणीत प्रभाव आहे तो. उलट बाजूला टॅसिटर्न म्हणजे अबोल, स्वभावानंच घुमा. रेटिसंट थोडा वेगळा: बोलतो, पण मनातलं सहजासहजी बाहेर काढत नाही. तसंच फ्रूगल म्हणजे काटकसरी आणि पार्सिमोनियस म्हणजे कवडीचुंबक. पहिला शब्द कौतुकाचा, दुसरा नावं ठेवण्याचा. ही छटा इंग्रजी यादीत हरवते आणि परीक्षेत नेमकी तीच विचारतात.

अर्थ कळला की लगेच एक वाक्य करायचं, तेही स्वतःच्या आयुष्यातलं. पुस्तकातलं वाक्य उतरवलेलं मी चालवून घेत नाही. ज्यानं 'व्हॅसिलेट' वापरून सिव्हिल घ्यावं की कॉम्प्युटर, यावरचं स्वतःचं वाक्य लिहिलं, तो तो शब्द विसरत नाही.

तुमच्याकडचे शब्द, पद्धती, विरोध, सगळं येऊ द्या. मुलं हा धागा वाचणार आहेत.

ऋत्विज

अनुजाताई, मी टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शेवटच्या वर्षाला आहे आणि जीआरई देणार आहे, म्हणून परीक्षेबद्दल सांगतो. आधी तिच्यात विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या थेट विचारायचे. २०११ च्या ऑगस्टपासून ते प्रकार बंद झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये परीक्षा आणखी छोटी झाली आणि आता व्हर्बलचे, म्हणजे भाषेच्या भागाचे, एकूण २७ प्रश्न असतात. गाळलेल्या जागा, उतारे आणि सेंटेन्स इक्विव्हलन्स. या शेवटच्या प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ एकच राहील. म्हणजे सुटा अर्थ पाठ असून भागत नाही, वाक्यात तो शब्द शोभतो का ते कळायला लागतं. ताईंची छटेची गोष्ट इथे शंभर टक्के लागू पडते.

माझी अडचण वेगळी आहे. बाजारात हजार शब्दांची यादी मिळते, साडेतीन हजारांची मिळते, त्याहून मोठीही मिळते. सुरुवात कुठून करायची?

सुधन्वा

ऋत्विज, यावर बरंच चांगलं काम झालेलं आहे. पॉल नेशन या न्यूझीलंडच्या भाषाशास्त्रज्ञानं २००६ मध्ये हिशोब मांडला होता. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं माहीत असावी लागतात. शब्दकुटुंब म्हणजे डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, इनडिसायसिव्ह हे सगळे मिळून एक. आकडा मोठा वाटतो, पण त्यातली पहिली काही हजार तुझ्याकडे आहेतच.

मधला टप्पा मुलं नेहमी ओलांडून जातात. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासाच्या पुस्तकांत सगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची यादी केली, ॲकॅडमिक वर्ड लिस्ट. शैक्षणिक लेखनातले साधारण दहा टक्के शब्द त्यातलेच असतात. डिराइव्ह, ॲलोकेट, कन्स्ट्रेन, इन्हेरंट, फ्लक्चुएट, नॉटविथस्टँडिंग, ऑल्बीइट. दिसायला साधे, पण 'नॉटविथस्टँडिंग' वाक्यात कुठे बसवायचा हे पदवीधरांनाही सांगता येत नाही. ही यादी झाल्याशिवाय 'पुसिलॅनिमस'सारख्या दुर्मीळ शब्दांच्या मागे लागू नये.

आता अनुजाताईंशी माझा मतभेद. मी बरीच वर्षं पुण्यात इंग्रजी शिकवतो आहे. मराठी प्रतिशब्दाची सवय लागली की मूल बोलताना आधी मराठीत थांबतं, मग इंग्रजीत येतं. मुलाखतीत हा विलंब लगेच जाणवतो. त्यापेक्षा लर्नर्स डिक्शनरी वापरा. लाँगमन या प्रकाशनानं १९७८ मध्ये असा कोश काढला, ज्यात सगळे अर्थ साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच लिहिलेले आहेत. 'ऑब्सीक्वियस'चा अर्थ त्यात 'सर्व्हाइल' असा येणारच नाही. इंग्रजी इंग्रजीतूनच समजायला लागतं, आणि शेवटी पोचायचं तिथेच आहे.

अनुजा, दांडिया बाजार

सुधन्वा सर, लर्नर्स डिक्शनरीबद्दल पूर्ण सहमत. झेरॉक्सच्या जागी प्रत्येकाकडे ती असती तर हा धागा काढावाच लागला नसता.

विलंबाबद्दल मात्र माझं निरीक्षण वेगळं आहे. मराठी अर्थ पहिल्या भेटीपुरता असतो. मूल स्वतःचं वाक्य करायला लागलं की तो मागे पडतो. थांबतात ती मुलं, ज्यांच्याकडे अर्थ धूसर आहे, मग तो कुठल्याही भाषेत असो. 'कवडीचुंबक' ऐकून ज्याला पार्सिमोनियस कळला, त्याला तो वापरताना कवडीचुंबक आठवावा लागत नाही.

माळव्यातला

इंदूरहून लिहितोय. अनुजाताईंच्या मुद्द्याला इथली एक बाजू जोडतो, कारण आमच्या मराठी मुलांना भलत्याच ठिकाणी ठेच लागते. इथे स्पर्धापरीक्षांचं साहित्य हिंदी-इंग्रजी असतं. अर्थ हिंदीत दिलेला, लिपी तीच आणि शब्द ओळखीचा. मूल तो मराठी समजून वाचतं.

'अमेंडमेंट' समोर 'संशोधन' लिहिलेलं. हिंदीत ते बरोबर आहे, राज्यघटनेतली दुरुस्ती म्हणजे संशोधन. आपल्या मुलाला वाटतं रिसर्च. 'एन्डेव्हर' समोर 'चेष्टा'. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. 'ऑब्जेक्शन' समोर 'आपत्ति'. हिंदीत हरकत, मराठीत संकट. म्हणून माझ्या घरातल्या मुलांना मी सांगतो की हिंदीतला अर्थ वाचा, पण वहीत आपल्या घरच्या मराठीत लिहा. अमेंडमेंट: घटनेतली किंवा कायद्यातली दुरुस्ती. एन्डेव्हर: मनापासून केलेला प्रयत्न. ऑब्जेक्शन: हरकत.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांना हा त्रास जास्त होतो असं मला वाटतं. ग्वाल्हेरच्या मंडळींनीही लिहावं.

गार्गी

छान धागा. संस्कृत शिकलेल्यांसाठी आणखी एक दार उघडं आहे, त्याबद्दल लिहिते. लांब होईल.

विल्यम जोन्सनं १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमधलं साम्य योगायोगाचं असू शकत नाही, त्यांचा उगम एक असावा. अवघड इंग्रजी शब्दांचा मोठा भाग लॅटिन-ग्रीकमधून आलेला आहे. म्हणजे ज्या शब्दांची मुलं धास्ती घेतात, तेच आपल्या शब्दांचे दूरचे नातलग आहेत.

'ज्ञा' धातू घ्या. लॅटिन आणि ग्रीकमध्ये तो 'ग्नो' रूपात भेटतो. कॉग्निशन, रेकग्नाइज, इन्कॉग्निटो, डायग्नोसिस, प्रॉग्नोसिस, इग्नोर, सगळे ज्ञानाचेच. 'ॲग्नॉस्टिक' हा शब्द हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञानं १८६९ मध्ये घडवला. त्यातला पहिला 'अ' नकाराचा, संस्कृतसारखाच. अ-ग्नॉस्-टिक आणि अ-ज्ञेय-वादी. मराठी शब्दाची रचना इंग्रजीच्या रचनेला तुकड्या-तुकड्यानं जुळते.

'पद्' म्हणजे पाऊल. लॅटिनमध्ये 'पेड'. पेडेस्ट्रियन म्हणजे पादचारी. 'इम्पीड' म्हणजे अडथळा आणणं, मुळात पाय जखडणं. आपल्याकडे 'पायबंद घालणं' हा अगदी तोच वाक्प्रचार आहे. 'एक्स्पिडाइट' म्हणजे पाय बंधनातून सोडवणं, म्हणून कामाला वेग देणं. पायबंद घालणं आणि पायबंद काढणं अशी ही जोडी एकदा मनात बसली की परत पाहावी लागत नाही.

'युज्' म्हणजे जोडणं. योक, कॉन्जुगल, सब्जुगेट. कॉन्जुगल म्हणजे वैवाहिक, एकत्र जोडलेल्यांचं. सब्जुगेट म्हणजे जुवाखाली आणणं, गुलाम करणं. आणि आपलं 'जू'ही त्याच घराण्यातलं.

'अन्' म्हणजे श्वास घेणं, त्यावरून प्राण. लॅटिनमध्ये 'ॲनिमस', मन किंवा जीव. मॅग्नॅनिमस म्हणजे मोठ्या मनाचा. पुसिलॅनिमस म्हणजे इवल्या मनाचा, भित्रा. इक्वॅनिमिटी म्हणजे मनाचा समतोल. गीतेतला स्थितप्रज्ञ ज्यांनी घरी ऐकला आहे त्यांना इक्वॅनिमिटी वेगळी समजवावी लागत नाही.

माझा सर्वांत आवडता शब्द नेपोटिझम. लॅटिन 'नेपोस' म्हणजे नातू किंवा पुतण्या. संस्कृत 'नप्तृ', त्यावरून मराठी 'नातू'. नातलगांना पदं वाटणं म्हणजे नेपोटिझम. नातू शब्द त्यात जवळजवळ ऐकू येतो.

पण सावध राहा, दिसण्यावर जाऊ नका. पेडिॲट्रिक्समधला 'पेड' पायाचा नाही, तो ग्रीकमधल्या मुलासाठीच्या शब्दावरून आला आहे. ॲपथी, एम्पथी, सिम्पथी यांचा 'पथ' रस्त्याचा नाही, ग्रीक 'पॅथॉस' म्हणजे वेदना, भावना. 'एनर्व्हेट' ऐकून ऊर्जा देणं वाटतं, अर्थ उलटा: शक्ती काढून घेणं, गळून जायला लावणं. 'नॉइसम'मध्ये नॉइज नाही, तो दुर्गंधीसाठी आहे. 'रेस्टिव्ह' म्हणजे आरामात नव्हे, अस्वस्थ. नातं कोशात तपासूनच वहीत लिहायचं.

सुधन्वा

गार्गी, उत्तम. 'रिव्हर्ट' आणि 'परावृत्त' ही जोडीसुद्धा घ्या, 'वृत्' धातूची. मुळात मागे वळणं, पूर्वस्थितीला जाणं. आपल्याकडच्या ऑफिसांत 'उत्तर द्या' म्हणून रिव्हर्ट वापरतात, ते भारतीय इंग्रजीत रुळलं आहे. पण परदेशी विद्यापीठाला मेल लिहिताना साधं 'रिप्लाय' लिहावं.

रावपुरा जुना

मी ज्येष्ठ नागरिक, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. या चर्चेत बडोद्याचा एक जुना दुवा कुणी आणला नाही म्हणून लिहितो.

सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. इलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचं शिक्षण झालं, मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांत. पुढे त्याच राजानं १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणून ग्रंथालयांचं जाळं उभारलं. सेंट्रल लायब्ररी तेव्हाची.

तुमच्या विषयाशी थेट संबंध आहे तो १९३१ च्या श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरूचा. राज्यकारभारातल्या इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगालीत काय म्हणावं याचा हा कोश. एका इंग्रजी शब्दासमोर सात भाषा ओळीनं. एका भाषेला जिथे नेमका शब्द सुचला नाही तिथे शेजारची भाषा कशी वाट काढते ते त्यात दिसतं. अनुजाबाई आज मुलांकडून जे करून घेताहेत, ते या शहरानं सरकारी पातळीवर केलेलं आहे.

आणखी एक. अरविंद घोष १८९३ मध्ये इंग्लंडहून बडोद्यात आले, इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. इंग्रजीवर त्यांचं प्रभुत्व होतंच, कारण लहानपणापासून ते तिकडेच वाढले. बंगाली आणि संस्कृतचा अभ्यास मात्र त्यांनी इथे बसून केला. परभाषेत एवढ्या उंचीवर पोचलेल्या माणसालाही आपली भाषा हवीशी वाटली, हे मुलांना सांगा.

मेघना, वाडी

काका, खूप आभार. कल्पतरूबद्दल ठाऊक नव्हतं. लेकीला घेऊन सेंट्रल लायब्ररीत जाणार, काचेच्या फरशीचे ते मजले तिनं पाहिलेलेच नाहीत.

माझा प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. लेक शब्द शिकते, त्या दिवशी सगळे येतात, पुढच्या आठवड्यात निम्मे गेलेले. उजळणी कशी करून घ्यायची?

तनया

मेघनाताई, हे सगळ्यांचंच होतं आणि त्याचं कारण माहीत आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरणं पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सर्वांत वेगानं होतं, मग त्याचा वेग मंदावतो. म्हणून एका बैठकीत दहा वेळा वाचण्यापेक्षा दिवसांची अंतरं वाढवत थोड्या वेळा आठवून पाहणं जास्त कामाचं. 'आठवून पाहणं' महत्त्वाचं आहे. वाचताना सगळंच ओळखीचं वाटतं आणि फसगत होते.

करायचं असं. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून चिठ्ठ्या करा. पुढे शब्द, मागे मराठी अर्थ आणि लेकीचं स्वतःचं वाक्य. तीन-चार डबे घ्या. नवीन चिठ्ठी पहिल्या डब्यात, तो रोज उघडायचा. अर्थ बरोबर आला की चिठ्ठी दुसऱ्या डब्यात, तो दोन-तीन दिवसांनी. पुन्हा आला की तिसऱ्यात, तो आठवड्यानं. कुठेही चुकली की परत पहिल्या डब्यात. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजची फ्लॅशकार्डची ॲप्स याच तत्त्वावर चालतात. ॲप वापरलं तरी चालेल, फक्त तयार डेक, म्हणजे दुसऱ्यानं केलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा, उतरवून घेऊ नका. चिठ्ठी स्वतः लिहिण्यातच अर्धी उजळणी होते.

एक पथ्य सांगते. एकसारखे दिसणारे किंवा जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकाच दिवशी शिकवू नका. ते एकमेकांत अडकतात. आधी एक पक्का झाला की मग दुसरा आणा, आणि तेव्हा फरक समजवा.

अनुजा, दांडिया बाजार

तनया, शेवटचा मुद्दा फार मोलाचा. वर मी चार शब्द एकत्र दिले ते फरक दाखवण्यासाठी. ज्यांना चारही नवे आहेत त्यांनी आज फक्त 'प्रोक्रॅस्टिनेट' घ्यावा.

नीलिमा

मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तांत्रिक कागदपत्रं लिहिते. रोज ज्याच्याशी गाठ पडते ते सांगते: शब्दांची सोबत. कुठला शब्द कुणाबरोबर येतो ते.

मराठीत आपण शपथ घेतो, व्रत धरतो, नवस बोलतो. नवस घेतो असं कुणी म्हणालं तर लगेच कानाला खटकतं. 'उपास सोडला' आणि 'उपास मोडला' यांत तर अर्थच बदलतो. इंग्रजीतही असंच आहे आणि अवघड शब्दांत जास्तच. 'कमी करणे' असा एकच अर्थ लिहिलेले हे शब्द पाहा. मिटिगेट नुकसानाला किंवा धोक्याला लागतो. अलीव्हिएट वेदनेला, गरिबीला. अले भीतीला किंवा संशयाला. अस्वेज अपराधी भावनेला, रागाला. अमीलिओरेट परिस्थितीला. 'अलीव्हिएट द सस्पिशन' असं लिहिलं तर व्याकरण बरोबर असूनही वाचणारा अडखळतो. उलट बाजूला एक्झॅसर्बेट आहे, त्याला आपल्याकडे देखणा शब्द आहे: चिघळवणं. वाद, आजार, संकट, जे जे मराठीत चिघळतं ते बहुतेक सगळं इंग्रजीत एक्झॅसर्बेट होतं.

म्हणून चिठ्ठीवर सुटा शब्द लिहूच नका. 'अले' नव्हे, 'अले फिअर्स' लिहा. आयईएलटीएसच्या लेखन आणि बोलणं या दोन्ही भागांत शब्दसंपत्तीला पाव हिस्सा गुण आहेत. परीक्षक कमी वापरातले शब्द पाहतात, पण ते जोडीनं बरोबर आले आहेत का तेही पाहतात. अवघड शब्द कोंबल्यानं गुण वाढत नाहीत.

पार्थ

कुणी उच्चाराचं सांगेल का? लिहिलेला शब्द येतो पण बोलायला धीर होत नाही.

सुधन्वा

पार्थ, स्पेलिंगवर विश्वास ठेवू नकोस आणि शब्द पहिल्यांदा भेटला की लगेच उच्चार ऐक. उशीर झाला की चुकीचा उच्चार घट्ट होतो. नेहमी चुकणारे काही: एपिटोम नव्हे, इपिटमी. हायपरबोल नव्हे, हायपर्बली. स्पेलिंग 'ऑरी' वाटतं तो अराय, म्हणजे वाकडं गेलेलं, बिघडलेलं. फसाड, सेग्वे, डेब्री, इन्डाइट. मिस्चिव्हस, त्याच्या शेवटी 'व्हियस' म्हणायचं नाही.

मराठी माणसाची खरी अडचण 'व' आहे. आपला एक 'व' इंग्रजीतल्या दोन अक्षरांचं काम करतो. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यू म्हणताना ओठ गोल होतात आणि दात लागतच नाहीत. व्हाइल आणि वाइल, व्हेन आणि वेन, हे आरशासमोर म्हणून बघ. त्यातच 'वेअरी' म्हणजे सावध आणि 'विअरी' म्हणजे थकलेला, हे दोन वेगळे आहेत. पण एक सोय आपल्याकडे आहे. 'जग'चा ज आणि 'जवळ'चा ज आपण वेगळे म्हणतो. त्यामुळे जेलस म्हणजे मत्सरी आणि झेलस म्हणजे तळमळीनं काम करणारा, हा फरक मराठी जिभेला सहज जमतो.

रावपुरा जुना

एका शब्दानं काय होतं असं मुलं विचारतात, त्यांच्यासाठी. आपल्या बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. लायब्ररीला त्यांचंच नाव आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना पहिल्या कलमात 'ऑल मेन' असे शब्द होते. मेहताबाईंनी आग्रह धरून तिथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' करून घेतलं. 'मेन' म्हणजे सगळी माणसंच, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण तो शब्द वाचून कुठल्या देशात बायकांना वगळता येईल, हे त्यांनी ओळखलं. आजही ते कलम त्याच शब्दांत आहे.

गार्गी

काका, हे वाचून अंगावर काटा आला. मीही एक बडोद्याचा शब्द देते. इंग्रजीतला 'बॅनियन', म्हणजे वड, गुजराती 'वाणियो'वरून पोर्तुगीजांमार्फत गेला. वाणी लोक त्या झाडाखाली बसत म्हणून. आणि आपल्या गावाचं जुनं नाव वटोदर, वडाच्या पोटातलं. 'मुंगूस'ही आपलाच, मराठीतून इंग्रजीत जाऊन 'मॉंगूस' झाला. जगन्नाथाचा 'जगरनॉट' झाला, वाटेत येईल ते चिरडत जाणारी शक्ती. मुलांना हे शब्द आधी द्या, इंग्रजी परकी वाटणं थोडं कमी होतं.

ऋत्विज

सगळ्यांचे आभार. कॉक्सहेडची यादी काढली, त्यातले कुठले शब्द खरंच वाक्यात वापरता येतात ते तपासतोय. एक शंका. 'डिस्क्रीट' दोन आहेत ना? मॅथ्समध्ये एक येतो आणि उताऱ्यात दुसरा. उच्चार तोच, मग लक्षात कसं ठेवायचं?

अनुजा, दांडिया बाजार

हो, दोन आहेत. मॅथ्सवाल्यात दोन ई आहेत आणि त्यांच्या मध्ये टी बसलेला आहे. अर्थही तोच: वेगवेगळे, सुटे सुटे. टीनं दोन ई वेगळे केले आहेत, स्पेलिंगमध्येच अर्थ दिसतो. दुसऱ्यात दोन्ही ई शेजारी-शेजारी आहेत आणि अर्थ: कुणाला कळणार नाही असं जपून वागणारा, गुपित पोटात ठेवणारा. याचं नाम 'डिस्क्रिशन', आणि त्याला पुन्हा दुसरा अर्थ आहे, स्वतःच्या विवेकानं निर्णय घेण्याची मुभा. सरकारी पत्रांत तो सतत भेटतो.

तू दुसऱ्याचं वाक्य इथे लिही. पहिल्याचं मॅथ्सच्या वहीत आधीच असेल.